आधी सांगा, पुडी कुठं धरता?

मित्रांनो, कॉलेज सुटलं की कट्ट्यावर कुणीतरी खिशातून माव्याची पुडी काढतंच. चोळतो, थापटतो आणि चिमूटभर तुमच्यापुढंही धरतो. नगर जिल्ह्यात हे काही नवं नाही. संगमनेर, अकोले आणि नगर शहरात तर कितीतरी घरांची चूल विड्या वळून पेटली. तंबाखू इथं इतकी ओळखीची, की तिची भीतीच वाटत नाही.

म्हणूनच आज एका मराठी डॉक्टरांची ओळख करून घ्या. डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १३ एप्रिल १८९५. लंडनला शिकले, तिथंच १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. झाले आणि मुंबईत येऊन मेडिकलच्या मुलांना शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडं आली.

खानोलकर सर्जन नव्हते. सर्जननं जिभेचा, गालाचा, घशाचा तुकडा काढून पाठवायचा आणि यांनी तो मायक्रोस्कोपखाली बघायचा. कॅन्सर आहे की नाही, एवढं सांगितलं की काम संपलं. पण त्यांचं तेवढ्यावर भागेना. एवढ्या लोकांना तोंडाचाच कॅन्सर का होतो? आणि कुणाला गालात, कुणाला ओठात, कुणाला टाळूवर, असं का?

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सूर्याबाईंसोबत आणखी एक लेख लिहिला. त्यातली उदाहरणं बघा. बिहारकडं चुना लावलेली खैनी खालच्या ओठात धरून ठेवतात, तिथं कॅन्सर ओठाला. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, तिथं कॅन्सर टाळूला. म्हणजे जिथं सवय, तिथं जखम! नशीब, भोग, कुणाची नजर, यातलं काहीच नाही.

मग १९५५ मध्ये संघवी आणि राव या सहकाऱ्यांसोबत त्यांनी कॅन्सर झालेल्यांच्या सवयी न झालेल्यांच्या सवयींशी ताडून पाहिल्या. चघळणाऱ्यांचं तोंड धोक्यात, तर ओढणाऱ्यांच्या जिभेचं मूळ आणि घसा धोक्यात, असं त्यातून दिसलं. आजही घशाच्या रुग्णाला डॉक्टर आधी काय विचारतात? काय ओढता, काय खाता, किती वर्षं? त्या प्रश्नामागं हीच मेहनत आहे.

१९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. १९५५ मध्ये पद्मभूषण मिळालं, पुढं मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९७८ मध्ये ते गेले.

त्यांनी दाखवलेली गोष्ट किती सोपी होती बघा. हा कॅन्सर बराचसा टाळता येतो. तरीही महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी यायला २०१२ उजाडलं. आणि मावा? तो आजही टपरीवर घोटला जातोय. त्यातली तंबाखू तर वाईटच, पण नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे आता जगानं मान्य केलंय.

आज घरी गेल्यावर एवढं करा. आरशासमोर उभे राहा आणि आ करा. तीन बोटं उभी आत जातात का? गालात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? तीन आठवडे न भरलेली जखम, बसलेला आवाज, मानेत गाठ, यातलं काहीही असेल तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. सिव्हिल हॉस्पिटल आहे, लोणीचं प्रवरा हॉस्पिटल आहे. लवकर गेलात तर छोट्या ऑपरेशनवर निभावतं. उशीर झाला, तर जबडा किंवा स्वरयंत्रही काढावं लागू शकतं.

आणि उद्या कट्ट्यावर पुडी पुढं आली, की मित्राला विचारा : कुठं धरतोस रे ही? तो जिथं बोट दाखवेल, तिथंच आधी बघायला सांगा.