सार्वजनिक कार्याचा वस्तुपाठ : डॉ. पंजाबराव देशमुख

सार्वजनिक संस्था काढणे हे उत्साहाचे काम आहे; ती चालविणे हे चिकाटीचे काम आहे; आणि आपल्या पश्चातही ती चालत राहावी अशी व्यवस्था करून ठेवणे हे थोरांचेच काम होय. वऱ्हाडात ही तिन्ही कामे ज्यांनी केली त्यांत डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. भाऊसाहेब आपल्या ज्ञातीचे नव्हेत, मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्याच घरात शोधावे. आपल्या कुटुंबांत जे पहिल्याने मॅट्रिक झाले, पदवीधर झाले, त्यांतील कितीतरी जण श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडले आहेत. ते ऋण या लेखाने फिटणार नाही, परंतु त्याचे स्मरण ठेवणे आमच्याकडून घडावे, एवढीच इच्छा.

भाऊसाहेबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी झाला. वडील शामराव व आई राधाबाई. घर शेतकऱ्याचे. प्राथमिक शिक्षण गावी झाले, पुढे चांदूर व कारंजा येथे आणि नंतर अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात. त्या काळी खेड्यातील मुलास पुढे शिकावयाचे म्हणजे गावोगाव बिऱ्हाड हलवीत जावे लागे. शिक्षणापूर्वी राहण्याजेवण्याची सोय लागते, हा धडा भाऊसाहेब येथेच शिकले असावेत. कारण पुढे त्यांनी आधी हाती घेतले ते वसतिगृहाचे काम.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९२० साली ते विलायतेस गेले. एडिंबरो विद्यापीठाची एम. ए. ही पदवी त्यांनी मिळविली, वैदिक वाङ्मयातील धर्मविचारांवर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट संपादन केली आणि बॅरिस्टरही झाले. तो प्रबंध पुढे १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वेदांचा एवढा व्यासंग केलेला हा पंडित मायदेशी परतला तो मात्र अस्पृश्यतेचा कट्टर विरोधक होऊनच. १९२६ साली ते अमरावतीस आले व वकिली करू लागले. वकिलीत पैसा होता, मान होता. तेवढ्यावर समाधान मानून बसले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

परंतु थोड्याच काळात त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय उघडले. गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना राहण्याची व जेवणाची सोय व्हावी हा त्याचा हेतू. त्यासाठी लागणारा पैसा कोणा एका धनिकाकडून न मागता मुष्टिफंडाचा मार्ग धरण्यात आला. घरोघरी मूठमूठ धान्य बाजूस काढावयाचे व ते गोळा करून मुलांच्या पोटी घालावयाचे, अशी ही योजना. वरवर पाहता ही गोष्ट लहान वाटते. पण विचार केला असता तिच्यातील शहाणपण ध्यानी येते. एकाच्या देणगीवर उभी राहिलेली संस्था त्या एकाच्या मर्जीवर चालते. हजार घरांच्या मुठीवर उभी राहिलेली संस्था हजार घरांची होते, व तिच्याविषयी विचारपूस करण्याचा अधिकारही त्या हजार घरांना मिळतो.

या छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलेही त्यांत होती. ज्या काळात एका विहिरीचे पाणी पिणे हा वादाचा विषय होता, त्या काळातील ही गोष्ट आहे. १९२७ सालीच भाऊसाहेबांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून जी चळवळ झाली तीत ते पुढे होते. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद हाती आल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या व प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराकडे लक्ष पुरविले. या सर्वांमुळे आप्तस्वकीयांचा व प्रतिष्ठितांचा रोष ओढवला नसेल असे कोण म्हणेल? तथापि रोषाच्या भयाने त्यांनी पाऊल मागे घेतले नाही.

१९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात ते शिक्षणमंत्री झाले. शेतकऱ्यांच्या कर्जाची तडजोड व्हावी म्हणून १९३३ साली जो कर्ज लवाद कायदा झाला, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते. त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडले. मंत्रिपद गेले म्हणून कार्य थांबले नाही, याचे कारण १९३२ सालीच श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झालेली होती. अधिकाराची खुर्ची आज आहे, उद्या नाही. संस्था मात्र राहते, हे त्यांनी ओळखले होते. अमरावतीस १९४६ साली संस्थेचे महाविद्यालय निघाले, १९५४ साली अकोल्यास निघाले, आणि वऱ्हाडातील लहानमोठ्या गावी शाळांचे जाळे पसरत गेले.

पुढे ते घटना समितीचे सभासद झाले, अमरावतीहून लोकसभेवर निवडून गेले आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्र सरकारचे कृषिमंत्री होते. मंत्री असतानाही संस्था उभारण्याची त्यांची वृत्ती सुटली नाही. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला व या समाजाच्या वतीने १९५९-६० साली दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. दिल्लीत राहूनही अमरावतीशी असलेला त्यांचा धागा तुटला नाही. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीतच त्यांचे देहावसान झाले.

भाऊसाहेब गेले, पण संस्था बंद पडली नाही. आज विदर्भातील मोठ्या शिक्षणसंस्थांत तिची गणना होते, आणि तिचे सभासद मतदान करून आपली कार्यकारिणी निवडतात. निवडणूक आली की चुरस येते, मतभेद येतात; तरी पण संस्था कोणा एका घराण्याची मालमत्ता न होता सभासदांची राहते, हा लाभ लहान नव्हे. १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास आणि १९८४ साली अमरावतीस निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले, ते योग्यच झाले.

समाजबंधुभगिनींनो, आता थोडे आपल्याविषयी. आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविले आणि निवृत्तीनंतर आपल्या मंडळाच्या कामात यथाशक्ति हात लावीत आहोत. अनुभव असा, की स्नेहसंमेलनाच्या दिवशी व्यासपीठावर खुर्च्या अपुऱ्या पडतात, आणि विद्यार्थी-निधीचा हिशेब लिहावयास मात्र माणूस मिळत नाही. बिनवेतन पद म्हणजे मानाचे पद एवढाच अर्थ आपण घेतला आहे. भाऊसाहेबांच्या चरित्रातून त्याचा दुसरा अर्थ निघतो : वेतन नाही म्हणून त्या पदावर कोणी मालक नाही, आणि मालक नाही म्हणून जबाबदारी दुप्पट आहे. पै-पैचा हिशेब सभेपुढे मांडणे, वेळेवर निवडणूक घेणे, आपल्यानंतर काम करील असा तरुण आपल्या हयातीतच तयार करणे, ही त्या पदाची खरी कामे होत.

आणखी एक गोष्ट भीतभीतच पण स्पष्टपणे मांडतो. आपला विद्यार्थी-निधी केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांपुरता आहे. तो तसा असण्यात गैर काही नाही, असे अनेक वडीलधाऱ्यांचे मत आहे व त्या मताचा आम्ही आदर करतो. परंतु ज्या शाळांनी आपल्या मुलांना जात न विचारता बाकावर बसविले, त्यांचे ऋण आपण कोणत्या मार्गाने फेडणार? निदान निधीतील एक शिष्यवृत्ती, फार नव्हे तर एकच, आपल्या तालुक्यातील कोणत्याही जातीच्या गरीब व होतकरू मुलास किंवा मुलीस द्यावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावा असे आम्हास वाटते. विरोध होईल, चर्चा होईल. ती अवश्य व्हावी. मूठभर धान्यातून एवढा वृक्ष वाढला, तर आपल्या एका शिष्यवृत्तीतून काय वाढेल हे आज कोणी सांगू शकणार नाही. पेरणी करणे मात्र आपल्या हाती आहे.