देवाचा दरबार आणि घरचा उंबरठा

अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या मराठी ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेला जाऊन बसावे. भजन सुरू होते, अभंगाची ओळखीची चाल कानी पडते आणि नवख्या माणसास क्षणभर वाटते की, आपण विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात तर नाही ना! मराठी ख्रिस्ती उपासनेला हे रूप ज्यांनी दिले, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रभागी होते. शाळेत आपण त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले. परंतु कवितेहून मोठा असा एक प्रश्न त्यांनी जन्मभर उराशी बाळगला होता. चारचौघांसारखा संसार करणाऱ्या माणसाला ईश्वराचे सान्निध्य लाभते काय, आणि लाभत असेल तर ते कोठे?

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. भाविक आईचे छत्र बालपणीच हरपले. वडिलांच्या कडक स्वभावाला कंटाळून मुलाने घर सोडले आणि नाशिक गाठून संस्कृत विद्या संपादन केली. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. तथापि पायाला जणू चक्रच होते. शिक्षक, कीर्तनकार, संपादक अशा नाना भूमिका करीत ते नागपूरला आले आणि तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामात रमले. पुढे १८९३ च्या सुमारास नागपूर-राजनांदगाव प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन असे वेधले की, दोन वर्षांच्या घालमेलीनंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचे मोल त्यांनी एकट्यानेच मोजले असे नव्हे. किंबहुना अधिक मोठा भार लक्ष्मीबाईंवर पडला. पती जिवंत असता विरहाचे जिणे, आप्तांचे सांत्वन आणि टोमणे दोन्ही सोसणे, लहानग्या मुलाला सांभाळणे हे सारे त्यांच्या वाट्याला आले. देवाच्या शोधात निघालेला पुरुष आणि मागे राहिलेली स्त्री, ही आपल्या धार्मिक इतिहासातील जुनीच कथा होय. ती येथेच संपली असती, तर टिळकांचे चरित्र आज सांगण्याचे फारसे प्रयोजन उरले नसते.

परंतु ती तेथे संपली नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या आपले सोवळे-ओवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. त्यांचा आचार त्यांना पाळता यावा याचीच व्यवस्था केली. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्या माउलीने स्वतःच स्वतःला विचारला, त्याचे उत्तर शोधले आणि सोवळे सोडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या प्रतीतीने. देवाची जवळीक उसनी मिळत नाही, ती पत्नीला पतीकडून आंदण मिळत नाही, हे त्या घराने प्रत्यक्ष अनुभवले.

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील त्यांचे घर तर एक लहानशी धर्मशाळाच झाले. पोरक्या मुलांना तेथे आसरा मिळे. बालकवी ठोंबरे काही काळ तेथे घरच्या मुलासारखे राहिले. हाती आलेला पैसा टिळक देऊन टाकीत आणि चूल कशी पेटवावी ही विवंचना लक्ष्मीबाई करीत. त्या ओढाताणीची हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे'त हसतखेळत सांगितली आहे. परंतु त्या हसण्यामागे किती उपासाचे दिवस होते, हे जाणत्या वाचकास उमगल्यावाचून राहत नाही. टिळकांची भक्ती उदार होती आणि तितकीच बेहिशेबीही होती. तिला जमिनीवर ठेवले ते लक्ष्मीबाईंच्या व्यवहाराने.

टिळकांची दुसरी तळमळ अशी की, देवाशी बोलावयाचे ते घरच्या भाषेत. इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते ओठांवर येतात, काळजात शिरत नाहीत, असे त्यांना वाटे. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताच्या चरणी पोचलो, ही त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी शंभराहून अधिक भजने रचली आणि कीर्तनाचा प्रघात मंडळीत रुजावा म्हणून यत्न केले. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९०९ मध्ये आरंभिलेले 'ख्रिस्तायन' मात्र त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. सुमारे दहा अध्यायांपाशी थांबलेले ते महाकाव्य पुढे नेले, ते शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी!

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व भक्त तेथे एका पंगतीला बसावेत, हा हेतू होता. संन्यास म्हणजे माणसांपासून दूर जाणे, असा अर्थ त्यांनी केला नाही. दरबाराचा व्याप वाढण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

वऱ्हाडच्या वाचकाला या जीवनाचे मर्म परके वाटू नये. शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन, रोजच्या बोलीत कीर्तन करून देव माणसांत दाखविला. पंथ वेगळे, वाटा वेगळ्या. परंतु देव नित्याच्या कामात भेटतो, ही खूण एकच. शाळा, कचेरी, परीक्षा यांच्या धबडग्यात देवासाठी सवड कोठली, ती निवृत्तीनंतर पाहू, असे आपण म्हणतो. टिळकांच्या घराने या सबबीला जागाच ठेवली नाही. तेथे पतीला देव भजनात भेटला असेल. पत्नीला तो पोरक्या मुलांना घास भरविताना भेटला. आणि अर्धे राहिलेले काव्य तिनेच पुढे नेले, हे आपण विसरता कामा नये.