टिल्डनचा हिवाळा

१९१९ साली न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर अमेरिकन अजिंक्यपदाचा अंतिम सामना सरळ तीन सेटमध्ये आटोपला. हरणाऱ्याचं नाव विल्यम टिल्डन, वय सव्वीस. जिंकणारा सॅन फ्रान्सिस्कोचा विल्यम जॉन्स्टन. दोघंही बिल, म्हणून सहा फुटांहून उंच टिल्डनला लोक बिग बिल म्हणत आणि चणीने लहान जॉन्स्टनला लिटल बिल. त्या दिवशी लिटल बिलने फार काही डावपेच लढवले नाहीत. तो टिल्डनच्या बॅकहँडवर चेंडू मारत राहिला आणि पुढे सरसावत राहिला.

टिल्डनचा बॅकहँड तेव्हा कापलेला असे. रॅकेट वरून खाली आणायची आणि चेंडूच्या पोटाखालून काढून घ्यायची. हा फटका दिसायला देखणा आणि मारायला सुरक्षित. पण असा चेंडू हवेत तरंगत येतो, आणि समोरचा खेळाडू जाळीपाशी उभा असेल तर त्याला तो ताटात वाढून दिल्यासारखा मिळतो. आदल्या वर्षीही टिल्डन अंतिम फेरीत हरला होता. पुढच्या वर्षी पाहू, असं म्हणून दुसरा कोणी गप्प बसला असता. देशातला पहिल्या दोघांत गणला जाणारा खेळाडू आपला फटका मोडून नव्याने बांधायला सहसा धजत नाही.

टिल्डन धजला. यामागे त्याचा स्वभाव होता आणि त्याचं आयुष्यही. फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागातल्या श्रीमंत घरात १८९३ मध्ये त्याचा जन्म झाला. आई आजारी पडल्यावर त्याला मावशीकडे ठेवलं गेलं. १९११ मध्ये आई गेली. १९१५ मध्ये वडील आणि थोरला भाऊ हर्बर्ट, दोघंही गेले. टेनिसची रॅकेट हातात दिली ती या हर्बर्टनेच. बाविसाव्या वर्षी घर असं रिकामं झाल्यावर टिल्डनने टेनिस मनावर घेतलं. कॉलेजात असताना त्याच्या खेळाचा गाजावाजा नव्हता. आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांना शिकवता शिकवता तो फटक्यांचा विचार करायला शिकला. दुसऱ्याला समजावून सांगायचं तर हात असाच का फिरतो याचं उत्तर आधी स्वतःकडे हवं, आणि ही सवय त्याच्या पुढे फार उपयोगी पडली.

१९१९ चा हिवाळा त्याने ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात काढला. तिथल्या जोन्स नावाच्या गृहस्थांकडे छपराखालचं टेनिस कोर्ट होतं. त्या काळी ही चैन फार थोड्यांना परवडे. त्यांनी टिल्डनला विमा कंपनीत नोकरी मिळवून दिली, त्याने त्यांच्या आर्नोल्ड या मुलाला टेनिस शिकवायचं, आणि उरलेला वेळ कोर्ट त्याचं. बाहेर बर्फ पडत असताना हा माणूस आत एकाच फटक्यामागे लागला होता.

ही हकिगत मला मोहवते याला कारण माझं गाव. गगनबावडा कोल्हापूरच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे. इथून करूळचा आणि भुईबावड्याचा असे दोन घाट कोकणात उतरतात. जूनपासून पाऊस असा कोसळतो की मैदान म्हणून काही शिल्लक राहत नाही, आणि गगनगड दिवसच्या दिवस धुक्यात नाहीसा होतो. माझा पुतण्या कोल्हापुरात टेनिस खेळतो. पावसाळ्यात इकडे आला की आमच्या पडवीतल्या भिंतीवर चेंडू मारत बसतो. त्याचाही बॅकहँड एकहाती आणि कापलेला. (हल्लीच्या पोरांत एकहाती बॅकहँड दुर्मीळच, याने तो कुठून उचलला कोण जाणे.) त्याच फटक्यावर तो बरेच सामने काढतो, म्हणून बदलायचं नाव काढलं की काका, चाललंय ते बरंय की, असा त्याचा सूर असतो. त्याला मी उपदेश करत नाही, टिल्डनची ही गोष्ट सांगतो.

टिल्डनने नेमकं काय बदललं? आधी पकड. फोअरहँडसाठी रॅकेटच्या मुठीशी हस्तांदोलन करावं तशी त्याची पकड असे. बॅकहँडला हात तिथून पाव वर्तुळ फिरवून मुठीवर आणायचा, बोटांची पेरं वर. मग रॅकेटचा प्रवास. तो चेंडूच्या पातळीखालून सुरू व्हायचा आणि वर, पुढे जात संपायचा. चेंडू अंगाजवळ येऊ न देता पुढेच गाठायचा. नुसतं मनगट झटकून हे होत नाही. खांदा वळलेला आणि वजन पुढच्या पायावर आलेलं लागतं. असा मारलेला चेंडू बैलगाडीच्या चाकासारखा पुढच्या दिशेने गरगरत जातो. त्याचा वरचा पृष्ठभाग समोरून येणाऱ्या हवेविरुद्ध फिरतो, खालचा तिच्या ओघाबरोबर. परिणामी वर दाब जास्त, खाली कमी, आणि चेंडू एरवीपेक्षा लवकर खाली झुकतो. क्रिकेटमधला लेगस्पिनर टॉपस्पिनर टाकतो तेव्हा हेच घडतं. फिरणारा टेनिसचा चेंडू वळसा घेतो हे न्यूटनने १६७२ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव या परिणामाला चिकटलं.

खेळणाऱ्याला याचा फायदा दुहेरी. चेंडू जाळीच्या बराच वरून, जोरात मारला तरी तो रेषेच्या आत पडतो. आणि जाळीपाशी उभ्या असलेल्याच्या तो पायाशी येतो, म्हणजे जॉन्स्टनला जिथे नको तिथे.

१९२० च्या उन्हाळ्यात टिल्डन विम्बल्डनला गेला आणि गतविजेत्या जेराल्ड पॅटरसनला हरवून परतला. पुरुष एकेरीचं विम्बल्डन जिंकणारा तो पहिला अमेरिकन. मग पुन्हा फॉरेस्ट हिल्स, पुन्हा जॉन्स्टन. हा सामना पाच सेट चालला. मध्येच मैदानावर घिरट्या घालणारं एक विमान जवळच कोसळलं आणि आतले दोघं ठार झाले. खेळ तरीही पुढे चालू राहिला. पाचवा सेट टिल्डनने ६-३ असा घेतला. तिथून १९२५ पर्यंत सलग सहा वर्षं अमेरिकन अजिंक्यपद त्याच्याकडे राहिलं, आणि डेव्हिस कप सात वर्षं अमेरिकेकडे.

मध्ये १९२२ मध्ये उजव्या हाताच्या मधल्या बोटाला जखम होऊन ती चिघळली आणि बोटाचा वरचा भाग कापावा लागला. ज्या हाताची पकड महिनोन्महिने घासून बसवली होती तोच हा हात. त्याने उरलेल्या बोटांनिशी पकड पुन्हा जमवली आणि पुढच्या वर्षीही अजिंक्यपद राखलं. मला हा पराक्रम प्रॉव्हिडन्सपेक्षाही मोठा वाटतो, पण त्याच्याविषयी लिहिणारे त्यावर दोन ओळींत उरकतात.

१९२५ मध्ये चेंडूच्या फिरकीवर त्याचं एक अख्खं पुस्तक निघालं. त्यात टॉपस्पिनचं एकट्याचं कौतुक नाही. जुना कापलेला फटकाही त्याने टाकून दिला नव्हता. नवा हाती आल्यावर जुना तो हवा तेव्हा वापरू लागला, समोरच्याची लय बिघडवण्यासाठी. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आज ग्राफाइटच्या रॅकेट आणि पॉलिएस्टरच्या तारा आहेत. नदालच्या फोअरहँडवर चेंडू मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे घेई. टिल्डनकडे होती लाकडी, लहान तोंडाची, आतड्याच्या तारांची रॅकेट. फार खडी रेघ ओढायला गेलं की चेंडू लाकडाला लागायचा. त्यामुळे त्याचा टॉपस्पिन आजच्या मानाने बेताचाच म्हणायचा.

पुढे फ्रेंचांनी त्याला गाठलं. १९२७ च्या विम्बल्डन उपांत्य सामन्यात दोन सेट खिशात आणि तिसऱ्यात ५-१ अशी आघाडी असताना तो कोशेकडून हरला. पण १९३० मध्ये, सदतिसाव्या वर्षी, विम्बल्डन त्याने पुन्हा जिंकलं आणि मग तो व्यावसायिक झाला. मिळवलेला पुष्कळसा पैसा त्याने नाटकांच्या नादात घालवला.

उरलेली कथा अप्रिय आहे आणि ती गाळून त्याचं चरित्र लिहू नये. १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात एका अल्पवयीन मुलाशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल त्याला अटक झाली. तो तुरुंगात गेला, सुटला आणि १९४९ मध्ये पुन्हा आत गेला. अनेक क्लबांनी त्याला दारं बंद केली. त्याच सुमारास अमेरिकन पत्रकारांनी अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ टेनिसपटू म्हणून त्याला कौल दिला. त्याच्या बॅकहँडचं गुणगान करताना मला ती मुलं आठवतात, ज्यांची टेनिसच्या इतिहासाने फारशी दखल घेतली नाही. ज्या माणसाने जन्मभर मुलांना शिकवलं त्याच्याच बाबतीत हे लिहावं लागतं. बॅकहँडची थोरवी पुढे करून ते झाकता येत नाही.

५ जून १९५३ रोजी लॉस एंजेलिसमधल्या भाड्याच्या घरात तो हृदयविकाराने गेला. वय साठ. क्लीव्हलंडच्या व्यावसायिक स्पर्धेत खेळायला निघण्यासाठी त्याने सामान बांधून ठेवलं होतं.