मनाई होती, तरी मार्कने पुतळे घडवले

समजा, तुम्हाला जे सगळ्यात छान जमतं, तेच तुमच्या घरच्या धर्मात निषिद्ध आहे. काय कराल? धर्म सोडाल की हौस? मार्क आंतोकोल्स्कीसमोर हाच पेच होता.

तो जन्मला विल्नात, एका गरीब ज्यू घरात. आज हे शहर लिथुआनियाची राजधानी आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. पोराला नाद लाकूड कोरायचा. आणि ज्यूंच्या दहा आज्ञांमधली एक तर मूर्ती करायलाच मनाई करते! 'शुल्हान आरुख' ही १६व्या शतकातली धर्मसंहिता. तिच्या नियमांनुसार माणसाचा पुतळा नुसत्या शोभेसाठीही घडवायचा नाही. पण पुतळा अपुरा असेल, म्हणजे नुसतं डोकं वगैरे, तर अनेक धर्मपंडित सूट देतात. म्हणून काही धार्मिक घरांत शोभेचा पुतळा ठेवायचा तर आधी त्याच्या नाकाचा टवका उडवतात.

मार्कचं समाधान अशा पळवाटेने होणार नव्हतं. १८६२ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत पोहोचला. तिथे त्याने कोरली ती आपलीच माणसं. १८६४ चं त्याचं लाकडी शिल्प बघा: सुईत दोरा ओवणारा ज्यू शिंपी. त्याला रौप्यपदक मिळालं. मग १८७१ मध्ये त्याने 'इव्हान द टेरिबल' साकारला आणि तो खुद्द झार दुसऱ्या अलेक्झांडरने विकत घेतला.

खरी परीक्षा पुढे होती. त्याने येशूचा पूर्णाकृती पुतळा केला आणि त्याला ज्यू माणसाचा चेहरा दिला. झालं! काही ज्यूंना राग आला की येशू कशाला. ज्यूद्वेष्टी रशियन वर्तमानपत्रं म्हणू लागली, ज्यूला हा अधिकार कुणी दिला? १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मात्र त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला.

धर्मांतर केलं असतं तर रशियात त्याचं बरंच सोपं झालं असतं. त्याने ते केलं नाही. १८८२ मध्ये त्याने स्पिनोझा घडवला, म्हणजे ज्यू समाजानेच बहिष्कृत केलेला तत्त्वज्ञ. मार्कवर मात्र ती वेळ आली नाही. १९०२ मध्ये तो जर्मनीत वारला आणि त्याला सेंट पीटर्सबर्गच्या ज्यू दफनभूमीत पुरलं.

त्याने ना धर्म सोडला, ना छिन्नी. दोन्हीकडची बोलणी मात्र आयुष्यभर खाल्ली. घरचे आणि आवड यांच्यात तुमचीही ओढाताण होत असेल, तर मार्क आठवून बघा.