आधी न्यायाधिकरण, मग नावे

चिंतामणराव देशमुख यांचे नाव निघाले की मराठी माणसाला १९५६ सालचा राजीनामा आठवतो. मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारा कुलाब्याचा खासदार, ही ओळख महाराष्ट्राने जपली. दिल्लीतील त्यांचा दुसरा, अधिक एकाकी झगडा मात्र विस्मरणात गेला.

जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. मॅट्रिकला पहिले, आयसीएसलाही पहिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण अर्थमंत्री म्हणून त्यांनीच केले. विमेदारांचा पैसा खासगी कंपन्यांच्या गैरव्यवहारांतून वाचविणे हा त्यामागचा एक हेतू. दैवदुर्विलास असा, की पुढच्याच वर्षी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. न्या. छागला यांच्या आयोगाने मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. पण लोकसभेत गदारोळ झाला म्हणून सरकारने तो आयोग नेमला. एरवी तक्रारदाराने कोणाचे दार ठोठवावे?

१९५९ मध्ये मद्रास येथील व्याख्यानात देशमुख यांनी त्याचे उत्तर सुचविले : उच्चपदस्थांविरुद्धच्या तक्रारी तपासणारे कायमस्वरूपी, निःपक्ष न्यायाधिकरण. ते स्थापन झाल्यास आपण स्वतः काही प्रकरणे त्यापुढे ठेवू, असेही त्यांनी जाहीर केले. त्या वेळी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पंतप्रधान नेहरू यांना आधी तपशील हवा होता. अशा कायम यंत्रणेने संशयाचे वातावरण पसरेल, असे त्यांचे मत होते. नावे न घेता केलेल्या विधानाने सरसकट सारेच मंत्री संशयित ठरले, ही तक्रार अगदीच गैरवाजवी नव्हती. तथापि ज्यांच्याविषयी तक्रार, त्यांच्याच सहकाऱ्यांकडे ती सोपवायची, यात न्याय कुठला? न्यायाधिकरण काही झाले नाही.

संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. त्याच्या कक्षेत अधिकारी आले, मंत्री बाहेरच राहिले. प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये लोकपाल सुचविला. १९६८ चे विधेयक लोकसभेने संमत केले, पण सभागृह विसर्जित होताच ते बारगळले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्त कायदा केला. केंद्रात विधेयके येत आणि विरत राहिली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत देशमुख यांचे निधन झाले. लोकपाल कायदा संसदेने डिसेंबर २०१३ मध्ये संमत केला. पहिल्या लोकपालांची नियुक्ती व्हायला मार्च २०१९ उजाडला. मद्रासच्या त्या व्याख्यानाला तेव्हा साठ वर्षे होत आली होती.