वसईचा साक्षी : संत गोन्सालो गार्सिया

नाताळचा सण समीप आला, की तारापूरपासून वसईपर्यंतच्या या सागरपट्ट्यात दारोदार कागदी तारे झळकू लागतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पोटासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेली ख्रिस्ती मंडळी आपापल्या भाषेत प्रभुजन्माची गीते गातात. वसईकडील घरांतून तीच गीते मराठीत ऐकू येतात. या मंगल पर्वात कोणाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असा विचार करता आमच्या मनात एकच नाव आले. आजच्या पालघर जिल्ह्यातील वसई येथे जन्मलेले, भारतात जन्म घेऊन संतपदास पोहोचलेले पहिले पुरुष, संत गोन्सालो गार्सिया यांचे ते नाव होय.

त्यांचा जन्म सुमारे १५५६ सालचा. पिता पोर्तुगीज शिपाई, माता याच मातीतली. १५३४ पासून वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि किल्ल्यात येशूसंघाचे विद्यालय होते. तेथे सेबास्तियाव गोन्साल्विस नावाच्या धर्मगुरूंच्या छायेत हा बालक वाढला. वयाच्या १५-१६ व्या वर्षी तो येशूसंघीयांसमवेत गलबतात बसून जपानला निघाला. ज्या वयात आमच्याकडील मुले अमरकोश घोकतात, त्या वयात या मुलाने एक सर्वस्वी अनोळखी भाषा अशी आत्मसात केली, की पुढे त्या देशाच्या अधिपतीलाही तिचे नवल वाटावे.

सुमारे ८ वर्षे गोन्सालोंनी तेथे धर्मशिक्षकाचे कार्य केले. संघात रीतसर प्रवेश मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. या देशात जन्मलेल्या, मिश्र कुळातील तरुणांना व्रतदीक्षा देण्याविषयी त्या काळच्या धर्मसंस्थेत फार संकोच होता. आम्हांस या चरित्रातील खरी कसोटी येथेच दिसते. वधस्तंभावरचे धैर्य सर्वांच्या डोळ्यांत भरते. परंतु ज्या दारात आयुष्य वेचले ते दार मिटले असता मन कडू होऊ न देणे, हे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. कुळ कोणते, अधिकार कोणता, असे प्रश्न आमच्या संतांनाही दारोदार विचारले गेलेच होते.

गोन्सालो व्यापारात पडले. पूर्वेकडील बंदरांत त्यांचा जम बसला, पेढ्या वाढल्या, पैसा आला. पुढे ते फिलिपिन्स बेटांतील मनिला येथे गेले, तेथे फ्रान्सिस्कन संघाच्या सहवासात आले आणि सारे वैभव सोडून त्यांनी त्या संघाची दीक्षा घेतली. तीही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साध्या व्रतस्थ बंधूची, म्हणजे मठातील पडेल ते काम करणाऱ्याची. अकिंचन राहावे, शुद्ध राहावे, आज्ञेत राहावे, ही तीन व्रते त्यांनी स्वीकारली. ज्याने धन हाताळून पाहिले आहे त्याच्या अपरिग्रहाला निराळेच मोल असते.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश सुभेदाराने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे पाठविले. गोन्सालो त्यांचे दुभाषे झाले. हिदेयोशीने १५८७ मध्येच धर्मप्रचारकांना देश सोडण्याचे फर्मान काढले होते. तरीही या मंडळींना क्योतो नगरीत राहण्याची अनुमती मिळाली. तेथे त्यांनी प्रार्थनामंदिर बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभारली. ज्या जिव्हेने राजदरबारात शिष्टाई केली, तीच आता टाकून दिलेल्या रोग्यांची विचारपूस करू लागली.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील माल जप्त झाला. धर्मगुरूंच्या पाठोपाठ आमच्या राजाचे सैन्य येते, अशा अर्थाची बढाई गलबतावरील सुकाणूवाल्याने मारली, असे सांगतात. हिदेयोशीचा संशय भडकला.

हा संशय अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. या किनाऱ्याला पोर्तुगीज सत्तेची आठवण सुखद नाही. देवळे पडली, आमच्या पूर्वजांनी जाच सोसला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजांनी तारापूरचा कोट आणि पुढे वसई घेतली, ती उगीच नव्हे. परंतु क्योतोत शिक्षा कोणास झाली? तोफा ओतणाऱ्यांना नव्हे, तर महारोग्यांच्या जखमा धुणाऱ्यांना. सत्तेचे पाप आणि साधूचे पुण्य एकाच वहीत मांडले, की असा अन्याय होतो. मग तो हिदेयोशीने करावा, नाही तर आपण.

डिसेंबर १५९६ मध्ये त्यांच्या निवासावर पहारे बसले. त्या वर्षीचा नाताळ पहाऱ्यातच गेला. ३ जानेवारी १५९७ रोजी २४ बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग छेदून त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यात आली. पुढे ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभराची वाटचाल नागासाकीपर्यंत. तेथे ख्रिस्ती वस्ती मोठी, तिला जरब बसावी हा हेतू. वाटेत त्यांची सेवा करण्यासाठी मागोमाग चाललेल्या दोघांनाही बांधण्यात आले आणि संख्या २६ झाली. त्यांत लुदोविको इबाराकी हा अवघा १२ वर्षांचा मुलगाही होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. सर्वांआधी क्रूसावर चढविले गेले ते गोन्सालो, अशी परंपरा आहे. दोन्ही कुशींतून भाले आरपार गेले. वय सुमारे ४० वर्षांचे.

साक्षी या शब्दावर आम्ही क्षणभर थांबतो. व्याकरणात केस पांढरे झालेल्यांची ही खोड वाचकांनी सोसून घ्यावी. ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो साक्षी, अशी पाणिनींची व्यवस्था आहे. ग्रीक भाषेत साक्षीदाराला जो शब्द होता, त्याचाच अर्थ ख्रिस्ती परंपरेत पुढे धर्मासाठी प्राण देणारा असा झाला. वेदान्तातील साक्षी अलिप्त राहून पाहतो, न्यायसभेतील साक्षी बोलून मोकळा होतो. या तिसऱ्या साक्षीला मात्र आपले बोलणे देहाने खरे करावे लागते. आणि दुभाष्याचे आयुष्य दुसऱ्यांची वाक्ये सांगण्यात जाते. गोन्सालोंचे स्वतःचे असे एकच वाक्य म्हणायचे, तर ते निशिझाकावरचे.

१६२७ मध्ये या २६ जणांना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, नालासोपाऱ्याजवळील गास गावी त्यांच्या नावाचे चर्च आहे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पालघर-बोईसरचे भाविकही त्यातच मोडतात. नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ मध्ये स्मारक उभारले गेले. तेथे २६ कांस्यमूर्ती एका रांगेत आहेत, आणि त्या रांगेत वसईच्या एका आईचा मुलगा उभा आहे.