जॉन मेनार्ड केन्स

जॉन मेनार्ड केन्स (५ जून, इ.स. १८८३ – २१ एप्रिल, इ.स. १९४६) हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ, शासकीय अधिकारी व केंब्रिज विद्यापीठातील अध्यापक होते. इ.स. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द जनरल थिअरी ऑफ एम्प्लॉयमेंट, इंटरेस्ट अँड मनी' या ग्रंथामुळे त्यांना आधुनिक समष्टी अर्थशास्त्राचे प्रवर्तक मानले जाते. अध्यापन, संपादन आणि सरकारी कामकाज सांभाळून त्यांनी इ.स. १९१९ पासून पाव शतकाहून अधिक काळ परकीय चलन, वायदे व शेअर यांच्या बाजारांत व्यवहार केले. या काळात ते एकदा कर्जबाजारी झाले आणि दुसऱ्यांदा त्यांची बहुतेक संपत्ती गेली. तरीही मृत्युसमयी ते श्रीमंत होते.

पूर्वायुष्य

केन्स यांचा जन्म केंब्रिज येथे झाला. वडील जॉन नेव्हिल केन्स हे विद्यापीठात तर्कशास्त्र व अर्थशास्त्राचे अध्यापक होते. आई फ्लॉरेन्स अ‍ॅडा पुढे केंब्रिजच्या महापौर झाल्या. ईटन येथील शिक्षणानंतर केन्स यांनी किंग्ज कॉलेजात गणिताचा अभ्यास केला. इ.स. १९०६ च्या सनदी सेवा परीक्षेत ते दुसरे आले. वित्त मंत्रालयातील जागा पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला मिळाल्याने केन्स यांच्या वाट्याला लंडनमधील इंडिया ऑफिस आले. तेथे सोपविण्यात आलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे दहा एअरशायर वळू जहाजाने मुंबईस पाठविण्याची व्यवस्था. या कामात त्यांचे मन रमले नाही. इ.स. १९०८ मध्ये राजीनामा देऊन ते केंब्रिजला परतले. मात्र रुपयाच्या प्रश्नाचा तेथे झालेला अभ्यास वाया गेला नाही. इ.स. १९१३ मध्ये त्यांचे 'इंडियन करन्सी अँड फायनान्स' हे पहिले पुस्तक निघाले आणि भारतीय चलनविषयक शाही आयोगावर त्यांची नेमणूक झाली. भारतात मात्र ते कधीही आले नाहीत.

पहिल्या महायुद्धात त्यांनी वित्त मंत्रालयात काम केले. पॅरिसच्या तह परिषदेत जर्मनीवर लादल्या जाणाऱ्या युद्धखंडणीस विरोध म्हणून त्यांनी जून १९१९ मध्ये पद सोडले.

चलनबाजारातील सुरुवात

युद्धकाळात स्थिर ठेवलेले विनिमय दर इ.स. १९१९ मध्ये मोकळे झाले आणि चलनांच्या किमती रोज बदलू लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केन्स यांनी परकीय चलनाचा सट्टा सुरू केला. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या फ्रान्स, इटली व जर्मनी यांची चलने घसरणार, असे त्यांचे गणित होते. त्यामुळे फ्रँक, लिरा व मार्क यांत त्यांनी मंदीचे सौदे केले. सौद्याच्या किमतीचा लहानसा हिस्साच अनामत म्हणून भरावा लागे. त्यामुळे थोड्या भांडवलावर मोठे सौदे करता येत, आणि भाव किंचित उलटला तरी अनामत संपुष्टात येई.

आरंभीच्या नफ्याने धीर चेपून इ.स. १९२० च्या सुरुवातीस त्यांनी वित्त मंत्रालयातील जुने सहकारी ऑस्वाल्ड फॉक यांच्यासह ३०,००० पौंडांचा एक गट उभारला. त्यात कुटुंबीयांचा व मित्रांचाही पैसा होता. चित्रकार डंकन ग्रँट व व्हनेसा बेल यांनी आपली पुंजी त्यांच्या हवाली केली होती. मे १९२० मध्ये जर्मनीविषयी अल्पकाळ आशावाद पसरला, मार्क वधारला आणि काही आठवड्यांत गटाचे भांडवल संपले. केन्स स्वतःही देणेकरी झाले.

त्यांचे मूळ अनुमान खरे होते. तीन वर्षांनी मार्क अक्षरशः कवडीमोल झाला. परंतु उसन्या पैशावर केलेल्या सौद्यात अनुमान खरे ठरेपर्यंत टिकून राहण्याची ऐपत लागते आणि ती त्यांच्यापाशी नव्हती. वित्तपुरवठादार सर अर्नेस्ट कॅसल यांनी दिलेले ५,००० पौंडांचे कर्ज आणि तहावरील गाजलेल्या पुस्तकापोटी प्रकाशकाकडून मिळालेली आगाऊ रक्कम यांच्या आधारे त्यांनी पुन्हा तेच सौदे केले. इ.स. १९२२ च्या अखेरीपर्यंत कर्ज फिटले व मित्रांचेही नुकसान भरून निघाले.

दिनक्रम

बाजार हा केन्स यांचा मुख्य व्यवसाय कधीच नव्हता. सत्राच्या काळात आठवड्याचा मधला भाग लंडनमध्ये व शेवट केंब्रिजमध्ये असा त्यांचा क्रम असे. व्याख्याने व 'इकॉनॉमिक जर्नल'चे संपादन यांखेरीज नॅशनल म्युच्युअल या आयुर्विमा संस्थेचे अध्यक्षपद, एका साप्ताहिकाची व्यवस्था आणि कॉलेजचा हिशेब ही कामे त्यांच्याकडे होती. गुंतवणुकीसाठी सकाळचा साधारण अर्धा तास राखीव असे. अंथरुणातच वर्तमानपत्रे व भाव पाहून ते दूरध्वनीवरून दलालांना सूचना देत. इ.स. १९२५ मध्ये त्यांचा विवाह रशियन नर्तकी लिडिया लोपोकोव्हा यांच्याशी झाला, त्यानंतरही हा क्रम कायम राहिला.

रबर व महामंदी

इ.स. १९२० च्या दशकात केन्स व्यापारचक्राच्या चढ-उतारांचा अंदाज घेऊन कथील, कापूस, मका, रबर अशा मालाचे वायदे आणि शेअर यांची खरेदी-विक्री करीत. इ.स. १९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने रबराच्या निर्यातीवरील निर्बंध उठविण्याचे जाहीर केले आणि भाव कोसळले. केन्स यांचे सौदे तेजीचे होते. तूट भरण्यासाठी त्यांना उतरत्या बाजारात शेअर विकावे लागले. इ.स. १९२७ च्या अखेरीस सुमारे ४४,००० पौंड असलेली त्यांची मालमत्ता इ.स. १९२९ च्या अखेरीस ८,००० पौंडांच्याही खाली आली.

मंत्र्यांच्या ओळखीतून त्यांना आतल्या गोटातील माहिती मिळत असावी, अशी शंका वेळोवेळी घेतली गेली आहे. रबराचे प्रकरण या शंकेला फारसा आधार देत नाही. येथे त्यांना बुडविणारा निर्णय खुद्द त्यांच्याच सरकारचा होता.

यानंतर त्यांची पद्धत पालटली. संपूर्ण बाजाराची वेळ साधण्याचा नाद सोडून त्यांनी नीट समजलेल्या मोजक्याच कंपन्यांचे शेअर घेतले आणि भाव पडला तरी ते धरून ठेवले. ऑस्टिन व लेलँड या मोटार कंपन्या आणि दक्षिण आफ्रिकेतील खाणव्यवसायातील युनियन कॉर्पोरेशन यांत त्यांची मोठी गुंतवणूक होती. अर्ध्या तासाच्या मुभेत बसणारी पद्धत खरे तर हीच होती. इ.स. १९३६ च्या अखेरीस त्यांची मालमत्ता ५ लाख पौंडांवर गेली. त्याच वर्षी त्यांनी आयझॅक न्यूटन यांच्या अप्रकाशित कागदपत्रांचा मोठा भाग लिलावातून खरेदी करण्यास आरंभ केला. टांकसाळीचे प्रमुखपद सांभाळताना साउथ सी कंपनीच्या शेअरमध्ये हात पोळून घेतलेले न्यूटन हे या बाबतीत त्यांचे पूर्वसुरीच म्हणावे लागतील.

वायद्यांचा मोह मात्र पुरता सुटला नव्हता. एका वायद्यातील गव्हाचा ताबा घेण्याची वेळ आली तेव्हा तो किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात साठविता येईल काय, याची त्यांनी मोजमापे घेतल्याची कथा सांगितली जाते.

किंग्ज कॉलेजचा निधी

केन्स इ.स. १९२४ पासून मृत्यूपर्यंत किंग्ज कॉलेजचे प्रथम बर्सर, म्हणजे मुख्य कोषपाल होते. विश्वस्त निधीविषयक कायद्यामुळे महाविद्यालयांचा पैसा प्रायः सरकारी रोख्यांत व जमिनींत अडकलेला असे. त्या बंधनांबाहेरचा एक निधी वेगळा काढण्यास केन्स यांनी सहकाऱ्यांना राजी केले व तो शेअरमध्ये गुंतविला. 'चेस्ट' या नावाने ओळखला जाणारा हा निधी सुमारे ३०,००० पौंडांवरून इ.स. १९४५ पर्यंत सुमारे ३,८०,००० पौंडांवर गेला. त्याचे उत्पन्न दरम्यान कॉलेजसाठी खर्च होत होते, हे ध्यानात घेता ही वाढ अधिकच लक्षणीय ठरते.

सट्ट्याविषयीचे विचार

'जनरल थिअरी'च्या बाराव्या प्रकरणात केन्स यांनी शेअर बाजाराची तुलना वर्तमानपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेशी केली. तीत बक्षीस मिळते ते सर्वांत सुंदर चेहरा ओळखणाऱ्यास नव्हे, तर इतर स्पर्धक कोणता चेहरा निवडतील हे ओळखणाऱ्यास. सट्ट्याला आळा घालण्यासाठी शेअरच्या हस्तांतरणावर भरीव कर असावा, असेही त्यांनी सुचविले. ज्या व्यवहारांवर स्वतः संपत्ती मिळविली त्यांवरच त्यांनी कर मागितला, याकडे टीकाकारांनी बोट दाखविले आहे. तथापि त्या प्रकरणामागे रबर व मार्क यांचा अनुभव होता, हेही तितकेच खरे.

अखेरची वर्षे

इ.स. १९३७ मध्ये त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. त्याच सुमारास बाजारही पडला. उसन्या पैशावर घेतलेल्या शेअरमुळे त्यांची निम्म्याहून अधिक मालमत्ता गेली आणि पुढील काळात त्यांनी कर्जाचा भार कमी केला. दुसऱ्या महायुद्धात ते विनावेतन वित्त मंत्रालयात परतले. इ.स. १९४२ मध्ये त्यांना बॅरन हा किताब मिळाला. इ.स. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख होते. पुढील वर्षी अमेरिकेकडून ब्रिटनसाठी कर्ज मिळविण्याच्या वाटाघाटींनी त्यांची प्रकृती अधिकच खालावली. २१ एप्रिल १९४६ रोजी ससेक्समधील टिल्टन येथील घरी त्यांचे निधन झाले. न्यूटन यांच्या कागदपत्रांसह आपला ग्रंथसंग्रह त्यांनी किंग्ज कॉलेजला दिला.